लुझेलचा तक्ता

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला इंटरनेटवर काय वापरावं, असं आमच्या फिलिपिन्समधल्या मियागाओत कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: लुझेल नुफाब्लेला गाठ. गावच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी एकोणतीस वर्षांची ही बाई, पण तिचा ऑनलाइन तक्ता पार इलोइलो शहरापर्यंत पोचलेला. तेवीस साइट, प्रत्येकीची एक रांग. प्रश्न किती, उत्तरं समजावून देतात का, पैसे कधी मागतात, फुकट डेटावर आकृत्या दिसतात का. हा शेवटचा रकाना दुसऱ्या कुणाला सुचला असता? आमची निम्मी पोरं फुकट डेटावर जगतात. त्यावर मजकूर येतो, चित्रं येत नाहीत. आणि परीक्षेत आकृत्यांचा अख्खा भाग!

तक्ता तिने सुरू केला तो स्वतःसाठी. डॉक्टर व्हायचं होतं ना तिला! आधी नीट पारखून घेऊ, मग बसू, असं म्हणायची. खातं उघडायचं, दहा प्रश्न सोडवायचे, शेरा लिहायचा, की पुढची साइट. पारखण्यात चार वर्षं गेली. कॉलेजला साठ पर्सेंटाइल हवे होते. पहिल्यांदा सत्तेचाळीस आले, दुसऱ्यांदा चव्वेचाळीस. दर वेळी तिला वाटायचं, साइटच चुकली. मग तक्त्यात आणखी चार रांगा.

दारातल्या दुकानात तांदूळ, सुकी मासळी नि मोबाइलचा रिचार्ज विकणारी तिची आई वैतागायची.

"अगं, बाजारात नुसते मासे दाबून बघत फिरलीस तर जेवणार कधी?"

"अगं आई, चुकीचं धरलं तर वर्ष फुकट जातं."

"आणि काहीच धरलं नाही तर?"

मावशीने रियाधच्या लॅबमध्ये नोकरी बघून ठेवली होती. या खेपेला साठ आले नाहीत तर दोन वर्षांचा करार. म्हणायला दोन! इथून गेलेल्या कुणाचं दोनात भागलेलं मी तरी पाहिलं नाही.

निकाल लागला. एक्केचाळीस.

लुझेल दुकानापुढच्या बाकावर बसून राहिली. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली शेन बिकोची ताटली घेऊन धावत आली. गुळातला तो चिकट भात अजून गरम होता.

"मनांग! अठ्ठ्याऐंशी! तुझ्या तक्त्यामुळे गं!" म्हणत तिने लुझेलला मिठीच मारली. मनांग म्हणजे ताई, सगळी पोरं तिला तशीच हाक मारतात.

लुझेल हसली. मनापासून हसली, उगाच कशाला खोटं बोलू? हेवा तिच्या स्वभावातच नव्हता.

"कुठल्या कुठल्या वापरल्यास?"

"कुठल्या कुठल्या काय? वरून पहिली. दोनदा केली, शेवटपर्यंत."

"आणि बाकीच्या?"

"एवढा लांबलचक तक्ता फोनवर दिसतो होय! खाली गेलेच नाही. तू वर ठेवलीस म्हणजे चांगलीच असणार."

ती वर होती, कारण लुझेलला सगळ्यात आधी सापडली होती. बस्स, एवढंच. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, "जुनाट. वेळ घालवू नये." शेनच्या फोनवर तो रकाना आलाच नव्हता.

"आणि मनांग, तू कुठली पूर्ण केलीस?"

"मी... सगळ्या बघितल्या."

"ते माहितेय गं. पूर्ण कुठली?"

लुझेल ताटलीतला बिको बोटाने सारखा करू लागली. आत आई कुणाला तरी रिचार्ज मारत होती, तिने सगळं ऐकलं. आयती संधी होती, पण त्या दिवशी तिने टोमणा मारला नाही.

"तुझे किती आले?" शेनने हळूच विचारलं. लुझेलने सांगितलं. पोरगी बिचारी रडवेली झाली. ताटली तिथेच ठेवून गेली.

मग आईने कराराचा कागद आणून बाकावर ठेवला. लुझेलने सही केली. सवयीने फोन काढला, तर तक्ता तेव्हाही अकरा जण बघत होते. खाली कुणीतरी विचारलं होतं, "मनांग, सुरुवात कुठून करू?"

तिने उत्तर लिहिलं, "पहिलीपासून. दुसरीकडे बघू नकोस." आणि मग स्वतःच त्या पहिल्या साइटवर बोट ठेवलं.

तिचं जुनं खातं उघडलं. चार वर्षांपूर्वी, हौसेने, नावाच्या जागी तिने जे लिहिलं होतं, ते वर झळकलं: स्वागत आहे, डॉक्टर लुझेल. बाराशेपैकी दहा प्रश्न झाले. पुढे चालू करायचं?