दसऱ्याची गाडी

आमच्या घराण्याने रणात कधी पाठ दाखवली नाही. हल्ली फक्त थोरल्या काकांच्या गाडीचं इंजिन तापायचं. दसऱ्याची शस्त्रपूजा जुन्या वाड्यात, घरातल्या थोरल्याने घराण्याची पगडी घालून करायची असते. तिथे दिमाखात पोचायचं म्हणून त्यांनी त्याच पहाटे इंजिन आणि त्यात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारे स्पेसर बसवून जोडांना फटी बुजवणारं सीलंट लावलं.

“रात्रभर सुकू द्यायचं असतं म्हणे,” काकू म्हणाल्या.

“मुहूर्त टळेल. तुला काय कळतं त्यातलं?”

वाटेत गोरखीच्या राजवाड्यापाशी ओलं सीलंट सुटलं, इंजिन फटीतून हवा ओढू लागलं आणि गाडी बंद पडली. मागून धाकट्या काकांची स्कूटर आली.

“दादा, धक्का लगाऊं क्या? की पगडी तेवढी पुढे नेऊ?”

त्यांनी पगडी खरंच नेली आणि स्वतः घातली. पूजा मुहूर्तावर झाली.