थंडीत उलटं येणारं हँडल

गॅरेजात काम केलेल्या माणसाला किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. नखांतल्या काळ्या तेलासारखे ते चिकटून बसतात. साबण लावा, रॉकेल लावा, पंगतीत हात पुढे केला की शेजारच्याला दिसतातच.

गेल्या आठवड्यात अशाच एका पंगतीत शेजारचे गृहस्थ म्हणाले, "दिघे साहेबांचा तो गणपत ड्रायव्हर ना? कामचुकार होता. सकाळी गाडी सुरू करायचा कंटाळा त्याला."

माझी जिलबी हातातच राहिली. मी किस्से सांगताना थोडं मीठ-मसाला लावतो, हे सगळं इंदूर जाणतं. पण आज मी चिडलोय, आणि चिडलो की मला मीठ सापडत नाही. जे झालं तेवढंच सांगतो. बरं, जवळजवळ तेवढंच.

*

मध्य भारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. छावणीत करीम उस्तादांचं गॅरेज होतं आणि मी तिथे दोन नंबरचा मिस्त्री. उस्तादांचा कान असा की तीन गल्ल्या पलीकडून येणाऱ्या गाडीचा कुठला प्लग गेलाय ते सांगायचे. आणि राग असा की त्यांनी फेकलेला पाना एकदा राजवाड्याच्या चौकात सापडला होता. (हे मीठ. सापडलं थोडं.)

गिऱ्हाइकाने स्वतःच रोग सांगितलेला त्यांना खपत नसे. एक शेठजी आले आणि सुरू झाले, "उस्ताद, मला वाटतं कार्बोरेटर..." उस्तादांनी हातातलं फडकं शेठजींच्या हातात दिलं, स्वतः त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "हाँ मिस्त्री, और क्या क्या खराब है मेरी गाड़ी में?"

*

दिघे साहेब सरकारात बडे अधिकारी. गाडी जुनी विलायती, संस्थानी काळातली. तिच्या स्टेअरिंगवर एक छोटी दांडी होती. थंड गाडी सुरू करताना ती दांडी मागे घ्यायची, म्हणजे इंजिनात ठिणगी जरा उशिरा पडते. गाडी चालू झाली की दांडी पुढे. मागे घ्यायची विसरलात तर ठिणगी वेळेआधी पडते, इंजिन उलटा झटका देतं आणि समोर लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवणाऱ्याचा हात जातो.

थंडी पडली आणि गाडी सकाळी अडायला लागली. त्या वेळी राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची. आमची गाडीही तशीच निघाली. हिवाळा लागला की इंदुरात ती कामच करेना.

गंमत अशी की आमच्याकडे ती यायची भर दुपारी. सकाळी सहा माणसांनी ढकलून सुरू केलेली, दिवसभर फिरून गरम झालेली. आमच्या दारात येईपर्यंत एकदम शहाणी. एका हँडलला सुरू. उस्ताद बघायचे, मी बघायचो, सगळं ठीक.

दिघे साहेबांनी निकाल दिला, "गाडीत दोष नाही. दोष दांडी मागे न घेणाऱ्यात आहे."

गणपत म्हणाला, "साहेब, घेतो हो. रोज घेतो. आईशप्पथ घेतो."

"मग गाडी खोटं बोलते का?"

*

आमच्याकडे टायमिंग बघायचं तर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद लागायचा. डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगी पाडणारी डबी; तिच्या दोन पॉइंटांमध्ये तो धरायचा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं. कागद सैल होऊन सुटला की समजायचं, ठिणगी इथे पडते. इतकं साधं, आणि उस्तादांच्या हातात घड्याळाइतकं अचूक.

एक दिवस दिघे साहेब अचानक गॅरेजात आले. बघतात तर बॉनेट उघडं, उस्ताद डोळे मिटून उभे आणि चिमटीत सिगारेटचा कागद. दुसऱ्या दिवशी साहेबांची चिठ्ठी आली: सरकारी गाडीवर विड्या वळू नयेत.

उस्तादांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. आयुष्यात त्या माणसाने विडीला हात लावला नव्हता. मग म्हणाले, "भिया, इनको लिख दो. चिलम भी भरते हैं, पर वो आपके रेडिएटर में."

मी लिहिलं नाही. आज वाटतं, लिहायला हवं होतं.

*

साहेबांचे वडील, आबासाहेब, जुने रिसालदार. पेन्शन घेऊन पंधरा वर्षं झाली होती, पण मिशा अजून नोकरीत होत्या. त्यांना मोटारीतलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यांचं मत सगळ्यात पक्कं होतं.

"घोडा अडतो तो स्वाराच्या हातामुळे," ते म्हणाले. "याच्या हाताला शिस्त लावतो."

मग रोज पहाटे बंगल्यात कवायत. गणपत गाडीसमोर ताठ उभा आणि आबासाहेब व्हरांड्यातून ओरडणार, "हँडल धर! एक! दोन! फिरव!" कंपाउंडच्या भिंतीवर शेजारचे लोक चहाचे कप घेऊन उभे. तीस वर्षांचा ड्रायव्हर, बायको आणि दोन मुली बंगल्यामागच्या त्यांच्या खोलीच्या दारातून बघतायत, आणि हा म्हातारा त्याला एक-दोन शिकवतोय. मी एकदा पहाटे बंगल्यावरून जात होतो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की पाना फेकावासा का वाटतो.

अकराव्या दिवशी "फिरव!" म्हटल्यावर हँडल उलटं आलं. गणपतचं मनगट मोडलं.

आबासाहेब म्हणाले, "दोनच्या आधी फिरवलंस."

*

प्लास्टर घातलेला हात घेऊन गणपत पायी गॅरेजात आला. साहेबांनी सांगितलं होतं, परवा सकाळी नोकरीवरून काढल्याचा कागद मिळेल आणि त्याच दिवशी मागची खोली रिकामी करायची.

"हात गेला त्याचं काही नाही उस्ताद," तो म्हणाला. "पण कागदावर लिहिणार, निष्काळजीपणामुळे. तो कागद बघून मला दुसरं कोण ठेवेल? मी दांडी मागे घेतली होती."

उस्तादांनी काही फेकलं नाही. मला भीती वाटली ती त्यामुळे.

"गाडी रात्री इथे ठेवू," मी म्हणालो. साहेबांकडे निरोप धाडला. उत्तर आलं, सरकारी गाडी बाहेर मुक्काम करत नाही.

आता उस्तादांची एक गोष्ट सांगतो. पोहे-जिलबी झाल्याशिवाय, म्हणजे नऊच्या आधी, त्यांनी आयुष्यात पाना उचलला नव्हता. तो माणूस म्हणाला, "परसों सुबह पाँच बजे. गाड़ी ठंडी चाहिए मुझे. कोई हाथ नहीं लगाएगा." बंगल्यावर तसा निरोप गेला.

*

त्या पहाटे मी सायकल चालवत होतो आणि उस्ताद मागे कॅरिअरवर. छावणीपासून बंगल्यापर्यंत त्यांनी थंडीला, मला, दिघे घराण्याला आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरला शिव्या दिल्या. एकही शिवी दोनदा आली नाही.

बंगल्यात साहेब कोट घालून उभेच होते. खिशातून कागदाचं टोक बाहेर आलेलं. गणपत हात गळ्यात अडकवून बाजूला. त्याच्या खोलीबाहेर बांधलेली वळकटी.

उस्तादांनी साहेबांनाच गाडीत बसवलं. "आप खुद पीछे लीजिए दांडी."

साहेबांनी दांडी मागे घेतली. उस्तादांनी बॉनेट उघडलं, कागद लावला, मला हँडल हळू फिरवायला सांगितलं. कागद सुटला. फार लवकर सुटला.

"साहब, दांडी पीछे ली?"

"घेतली ना. तुमच्यासमोर घेतली."

"नहीं ली आपने."

"अहो, घेतली म्हणतोय मी! खोटं बोलतोय का?"

हे वाक्य बोलून साहेबांनी दांडीवरचा हात काढला. गणपत जमिनीकडे बघत होता.

"चाय का पानी गरम है क्या?" उस्तादांनी विचारलं. गणपतच्या बायकोने चुलीवरची किटली आणली. उस्तादांनी ते पाणी डिस्ट्रिब्युटरवर बाहेरून हळूहळू सोडलं. थोडा वेळ काही नाही. मग आतून आवाज आला: टक्. पॉइंट जिच्यावर बसतात आणि दांडी सैल केली की स्प्रिंगने मागे यायला हवी, ती आतली तबकडी आपोआप मागे सरकली. दांडी मागे घेऊनही इतका वेळ ती थंडीत चिकटून पुढेच बसली होती.

उस्तादांनी सगळं खोललं, तबकडीच्या खाली बोट घातलं. बोट पिवळं होऊन बाहेर आलं. वास घेतला. माझ्या नाकापुढे धरलं. मग गाडीतून उतरून आलेल्या साहेबांच्या.

साजूक तूप. कडेला अजून गोठलेलं, रवाळ.

"तूप?" साहेब ओरडले. "यात तूप कोणी घातलं?"

व्हरांड्यातून आवाज आला, "मी." आबासाहेब मफलर गुंडाळून, छाती काढून उभे होते. "खंडेनवमीला. घरातल्या सगळ्या हत्यारांना लावतो मी. तलवारीला लावलं, बंदुकीला लावलं, मग हिनं काय पाप केलं? हा मिस्त्री तिथे तेलाचा एक थेंब टाकतो, कंजूष. मी चांगलं पळीभर घातलं. घरच्या गाईचं."

किटलीतलं पाणी थेंब थेंब गळत होतं.

उस्तादांनी साहेबांकडे हात पुढे केला. "साहब, फडका लाना भूल गया. वो कागज़ दीजिए."

साहेबांनी खिशातला कागद काढून दिला. उस्तादांनी त्याची नीट घडी केली आणि कानाकोपऱ्यातून सगळं तूप पुसून काढलं. शाई तुपात उतरली. मग दोन थेंब तेल टाकून सगळं बंद केलं आणि गणपतला म्हणाले, "जा, अंदर बैठ."

गणपत गाडीत बसला. डाव्या हाताने त्याने दांडी मागे घेतली.

उस्तादांनी माझ्या हातातून हँडल काढून घेतलं, स्वच्छ पुसलं आणि दोन्ही हातांवर ठेवून दिघे साहेबांपुढे धरलं.

साहेबांनी आधी वडिलांकडे पाहिलं. मग कोट काढून माझ्याकडे दिला, गाडीसमोर गेले आणि हँडल बसवून वाकले.

गणपतने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटं आलं तर हात जातो."