रंग विचारणारे बस्त्याव अंकल

हॉटेलच्या अकाउंट्समध्ये माझा पहिलाच आठवडा होता. स्टोअर्सचे एक पोक्त गृहस्थ बिलं घेऊन माझ्या टेबलाशी आले, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "बाय, तुझ्या ओढणीचा रंग कोणता गो?" मी सांगलीची. असल्या प्रश्नाला आमच्याकडे जे उत्तर देतात ते अगदी ओठांवर आलं होतं. पण समोरचा चेहरा इतका गंभीर, की मी नुसतंच "अबोली" म्हटलं. "अबोली," ते पुटपुटले. "म्हणजे नारिंगीच्या घरातला की गुलाबीच्या?" नारिंगीच्या, असं ऐकल्यावर समाधानाने मान हलवून निघून गेले.

नंतर कळलं की ते सगळ्यांनाच विचारतात. शेफला सॉसचा रंग, सिक्युरिटीवाल्याला टायचा, जनरल मॅनेजरला त्यांच्या नव्या गाडीचा. हे बस्त्याव लोपीस, मूळचे वसईचे, आखातात या अल ऐनमध्ये उभी हयात काढलेले. मला एखादी गोष्ट कळली नाही की अन्न गोड लागत नाही, म्हणून एकदा जेवताना त्यांना सरळच विचारलं. तेही सरळच म्हणाले, "मला लाल, हिरवा, तपकिरी सगळं सारखंच दिसतं. म्हणून विचारून ठेवतो. आणि तसं पण, रंग म्हणजे काय गो? लोकांचं मत." हे त्यांचं आवडतं वाक्य. मेनूच्या मीटिंगपासून ख्रिसमसच्या सजावटीपर्यंत कुठेही ते ऐकू यायचं.

ते वाक्य गमतीचं असलं तरी त्यामागची हकिगत गमतीची नव्हती. तरुणपणी ते वायरमनचा कोर्स शिकले होते, वर्गात पहिले आले होते. सरकारी नोकरी जवळजवळ हातात पडली आणि मेडिकलला रंग तपासायचं ठिपक्यांचं पुस्तक पुढे आलं. "डॉक्टर म्हणतो, आकडा वाच. मी म्हटलं, आकडा कुठाय? झालं. खलास." मग गल्फ, मग हॉटेल, मग जन्मभर पिठाची पोती आणि तेलाचे डबे मोजणं. वायरीला हात लावायला त्यांना कोणी दिलंच नाही. एकदा तरी कोणालाही न विचारता अख्खं वायरिंग आपल्या हाताने करायचं, एवढी एकच इच्छा राहिल्याचं त्यांनी मला आमटी भुरकता भुरकता सांगितलं. मला फार वाईट वाटलं. त्यांनी मात्र आमटी पुन्हा वाढून घेतली.

त्यांच्याकडे एक जुनी जपानी मोटारसायकल होती. मी सांगलीत वडिलांची मोटारसायकल चालवत कॉलेजला जात असे, त्यामुळे आमची गट्टी जमायला वेळ लागला नाही. या गाडीला एक विचित्र खोड होती. दुबईच्या हायवेवर ती तासभर बिनतक्रार धावायची आणि गावात आली की गोल चौकात, म्हणजे इथल्या भाषेत दुवारमध्ये, मधोमध बंद पडायची. बाजूला ढकलत नेली की किकला चालू. ऑफिसात यावर चिक्कार शोध लागले. कोणी म्हणे पेट्रोल एका बाजूला जातं, कोणी म्हणे कार्बोरेटर. बस्त्याव अंकल सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "चालू कशी झाली ते सोड. बंद का पडली ते सांग."

एका संध्याकाळी दुवारमध्ये गाडी अशीच बंद पडली आणि मागून आलेली एक मोठी गाडी त्यांच्या कोपराला घासून गेली. हाड मोडलं नाही एवढंच. रोझीआंटी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एरवी मवाळ बाई. त्या दिवशी त्यांनी निकाल देऊन टाकला, "पुढच्या महिन्यात रजिस्ट्रेशनची टेस्ट आहे ना? तोपर्यंत गॅरेजला टाकून नीट करून घे. नाहीतर यल्ला, भंगारात." अंकल म्हणाले, "भंगारात दे. पण गॅरेजला नाही. वायरिंग असेल तर ते मीच करणार." आंटींनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

रविवारी ते चर्चहून आले आणि त्यांच्या व्हिलाच्या शेडखाली आम्ही गाडी उघडली. रंग सांगायचं काम माझ्याकडे होतं. टाकी काढली, हेडलाइट काढला, वायरींचा जुडगा बाहेर आला. इथल्या उन्हाने सगळ्या वायरी विटून गेल्या होत्या. चावीपासून कॉइलकडे जाणारी वायर मला आमसुली वाटली. आंटी म्हणाल्या, छे, ही तर चॉकलेटी. मी म्हटलं, आंटी, चॉकलेटी असा असतो का? त्या म्हणाल्या, मग आमसूल असं असतं का? माझ्याबरोबर आलेल्या माझ्या मुलीला, ईराला, पंच नेमलं तर ती फोनमधून मान वर करून म्हणाली, "ममा, इट्स जस्ट डर्टी." अंकल जमिनीवर बसून पोट धरून हसले. "बघ गो बाय! आता तुम्ही पण माझ्याच लायनीत."

मग त्यांनी आम्हा दोघींना गप्प बसवलं आणि मीटर काढला. दोन टोकं जोडलेली असली की तो पीं करून ओरडतो, एवढं मला समजलं. इंजिन बंद करायच्या बटणाची वायर गाडीच्या सांगाड्याला लागली की ठिणगी मरते आणि इंजिन थांबतं, हे त्यांनी सांगितलं. मीटरचं एक टोक त्या वायरीला, दुसरं सांगाड्याला. आवाज नाही. मला म्हणाले, "आता हँडल डावीकडे फिरव, दुवारमध्ये फिरवतात तसं." मी पूर्ण फिरवलं आणि मीटर ओरडला. सरळ केलं, गप्प. पुन्हा डावीकडे, पुन्हा पीं! मी लहान मुलासारखं चार वेळा फिरवलं. हँडलच्या मुळाशी वायरीचं वरचं आवरण घासून गेलं होतं, आतलं तांबं दिसत होतं.

मला वाटलं, टेप लावला की काम झालं. पण त्यांचं समाधान होईना. "हीच का घासली? बाजूची का नाही?" असं म्हणत ते टॉर्च घेऊन वाकले. शेवटी सापडलं. कोणीतरी प्लास्टिकची पट्टी करकचून आवळली होती, त्यामुळे हँडल वळलं की हीच एक वायर ताणली जायची. "जरा ढील ठेवली असती तर काय बिघडलं असतं?" ते त्या अज्ञात माणसावर मनापासून चिडले. बाकीच्या वायरींचं आवरणही बोट लावताच तुकडे होऊन पडत होतं. म्हणजे सगळंच नवीन घालायला हवं होतं. "रंगीत वायर आणायला मी येऊ का दुकानात?" मी विचारलं. ते म्हणाले, "बघू."

दुसऱ्याच दिवशी मी सुट्टीवर सांगलीला गेले. परत आले तेव्हा गाडी टेस्ट पास झाली होती, आणि आंटींना मागे बसवून अंकलनी एकाच दुवारला इतक्या चकरा मारल्या होत्या की आंटींना मळमळलं. वायरिंग कसं केलं ते काही त्यांनी दाखवलं नाही. वर्ष संपता संपता ते रिटायर झाले, वसईला गेले आणि जाताना गाडी मला देऊन गेले. नवऱ्याला वाटलं त्याच्यासाठी आहे. लायसन्स मी काढलं.

परवा हेडलाइट लागेना म्हणून गाडी सनाइयात, म्हणजे इथल्या गॅरेजच्या वस्तीत, नेली. गुलखान नावाच्या पठाण मेकॅनिकने हेडलाइट उघडला आणि डोक्याला हात लावला. "बाजी, ये किसने किया? सारे वायर काले!" मी वाकून पाहिलं. खरंच, सगळ्या वायरी काळ्या. एकही रंग नाही. मी तिथूनच वसईला व्हिडिओ कॉल लावला.

"अंकल, हे काय केलंत? इथे मेकॅनिक रडायला आलाय."

"मी जन्मभर रडलो गो बाय. त्याला एक दिवस रडू दे," ते म्हणाले आणि खदखदून हसले. मग म्हणाले, "त्याला सांग, डोळे बंद कर. टोकाला बोट फिरव."

गुलखानने वैतागून डोळे मिटले. प्रत्येक वायरीच्या टोकाला दोरा आवळून कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन अशा गाठी मारल्या होत्या. "एक," तो म्हणाला. "चावी," फोनमधून आवाज आला. "दो." "कॉइल." "तीन." "वो बंद करने का बटन." गुलखानचा वैताग उतरत गेला. "चार?" "हेडलाइट. वोही देखना है तेरे को."

जोड खरंच सैल झाला होता. दिवा लागला. गुलखानने डोळे उघडून माझ्या हातातला फोन स्वतःकडे वळवला आणि अदबीने विचारलं, "चाचा, आप काम क्या करते थे?"

फोनमध्ये मागून येणारा रोझीआंटींच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला.

"वायरमन," ते म्हणाले.