थरथरत्या हातासाठी चिप्स

पनवेलच्या खेळांच्या दुकानात माझ्या शेजारी साठीची एक बाई पोकरच्या चिप्स, म्हणजे डावात पैशांऐवजी लावायच्या चकत्या, पारखत होती. चकचकीत प्लास्टिकच्या चिप्स तिने एकावर एक रचल्या आणि हात मुद्दाम थरथरवत थप्पीला लावला. थप्पी कोसळली. मग तिने जड, खरखरीत, मातकट रंगाच्या चिप्स तशाच रचून पाहिल्या. त्या हलल्या नाहीत.

"पहिल्या दिसायला छान आहेत," दुकानदार म्हणाला.

"दिसून काय करू? आमच्या ह्यांचा हात कंपवातानं असा झालाय. रविवारी दोस्त घरी खेलायला येतात, तवा ह्यांच्या चिप्स दुसराच कोनी मांडतो. आता नाय. हरले तरी आपल्या हातानं हरतील."

तिने घेतलेल्या त्या मातकट चिप्सचा डबा चांगलाच जड होता. तिच्यासाठी तो उचलायला मी हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.