मोहरीएवढं मेण

आमच्या कामाला मेण लागतं, हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. मी विमानाच्या पंखांचे तुकडे थरथरवून बघते. हा पोटापाण्याचा उद्योग आहे म्हटल्यावर समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "पण मग पंख तुटत नाहीत का?" तुटू नयेत म्हणूनच तर बघायचं. कार्बनच्या धाग्यांचा तो तुकडा, आम्ही त्याला पत्रा म्हणतो, टांगायचा, हातोडीनं हलकेच ठोकायचा आणि तो थरथरून किती लवकर शांत होतो ते मोजायचं. मोजायला शर्टाच्या बटणाएवढा एक सेन्सर असतो आणि तो पत्र्याला चिकटवायला मेण. माझ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मोहरीएवढं घ्यायचं. हरभऱ्याएवढं नाही." मी पीएचडी करत होते तेव्हा जी काय शिस्त शिकले, ती या एका वाक्यापासून.

तेव्हाची आमची प्रयोगशाळा टिनाच्या छपराखाली होती. पत्रा तापवायचे दिवे मी बुधवार पेठेतून घासाघीस करून आणले होते. त्या दिव्यांखाली मला असं दिसलं, की तापलेला पत्रा गार पत्र्यापेक्षा फार लवकर शांत होतो. म्हणजे भर उन्हात विमानाचा पंख उलट जास्त सुखात असणार. आलेखावरची रेघ एका तापमानानंतर अशी झरझर खाली यायची, की बघणाऱ्यानं वाः म्हणावं. लोकांनी म्हटलंही. त्या रेघेवर माझी पीएचडी झाली, नोकरी लागली, परदेशात भाषणं झाली, प्राध्यापकपद मिळालं. माझे विद्यार्थी तिला माझ्यामागे "मॅडमचा उतार" म्हणतात, आणि ते मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

आमच्या घराण्यात डॉक्टर ही पदवी आणणारी मी पहिली. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी प्रबंधाची एक प्रत मागून घेतली आणि घरात बुद्धमूर्तीशेजारी ठेवली. त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. पौर्णिमेला मेणबत्ती लावताना मात्र आधी ती पुसायचे. ते गेल्यावर ती प्रत मी माझ्या ऑफिसच्या कपाटात आणून ठेवली.

तीन-चार वर्षांपूर्वी लोणी काळभोरची एक मुलगी माझ्याकडे पीएचडीला आली. वडील शाळेत शिपाई, दोन बस बदलून रोज यायची. हुशार, कमी बोलणारी. तिचं बाकीचं काम होत आलं होतं, तेव्हा गेल्या वर्षी आमच्याकडे लेझरचं यंत्र आलं. त्याचा नुसता लाल ठिपका पत्र्यावर पडतो आणि लांबूनच थरथर मोजली जाते. चिकटवायचं काहीच नाही. मी तिला म्हटलं, माझं जुनं काम यावर पुन्हा करून दाखव, मग प्रबंध. शेवटचा भाग म्हणून दिलेलं हे काम, महिन्याभराचं.

महिन्यानं ती आली आणि म्हणाली, "मॅडम, उतार येत नाही."

तिची रेघ जवळजवळ सपाट होती. मी विचारलं, "यंत्र सुरू केलं होतं ना?" ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. मी सांगितलं, पुन्हा कर. तिनं पुन्हा केलं. दिवे बदलले, पत्रा बदलला, टांगायची दोरी बदलली. रेघ सपाटच. माझा पारा चढला की मी समोरच्याला "आपण" म्हणते, ही माझी जुनी खोड आहे. पाचव्या महिन्यात मी तिला म्हणाले, "आपण असं करा, आपल्याला जमत नसेल तर तसं लिहून द्या. जगभरातल्या लोकांनी मानलेली गोष्ट चुकीची आहे, हे आपल्याला लोणीत बसून कळलं असेल तर आमचं भाग्यच." हे मी बोलले. खोलीत दुसरे दोन विद्यार्थी होते, त्यांच्यासमोर बोलले.

आठ महिने हे चाललं. जूनअखेर तिची प्रबंध देण्याची मुदत संपत होती, आणि हा भाग जमल्याशिवाय मी सही करणार नाही, हेही मी तिला बजावून ठेवलं होतं.

या मेमध्ये एका सकाळी ती आली आणि तिनं कागद टेबलावर ठेवला. उतार! हुबेहूब माझा. जिथं वळायला हवा तिथं वळलेला. मला इतका आनंद झाला, की मी शिपायाला पाठवून आंब्याची बर्फी मागवली. "बघ, मी म्हणत नव्हते?" असंही म्हणाले. तिनं बर्फी हातात घेतली आणि कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली. मला वाटलं, घरी नेणार असेल.

ती गेल्या गेल्या मी सरांना फोन लावला. सर निवृत्त होऊन वारज्याला राहतात, ऐंशीच्या घरात आहेत, पण आवाज खणखणीत.

"सर, उतार आला! लेझरनंही आला!"

त्यांनी विचारलं, "सेन्सर कशानं चिकटवला होता तिनं?"

"सर, लेझर आहे हो. काही चिकटवावंच लागत नाही."

"म्हणजे मेण नाही?"

"नाही."

"मग यायला नको होता," सर म्हणाले.

मला आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं. माझा उतार मेणामुळे आला होता. मेण नसेल तर तो येत नाही, म्हणजे या मुलीनं आणलेला कागद खोटा होता. आणि सरांना हे माहीत होतं. तीन धक्के एका दमात. त्यातला कुठला मोठा हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी तशीच रिक्षा करून वारज्याला गेले. दार काकूंनी उघडलं, नेहमीसारखं "अगबाई, ये ये" म्हणाल्या आणि पन्हं करायला आत गेल्या. सरांनी वही आधीच काढून ठेवली होती. मला नोकरी लागल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी माझाच प्रयोग पुन्हा केला होता. तापलेल्या पत्र्यावरचा सेन्सर त्यांना जरासा घसरलेला दिसला होता. मग त्यांनी मेणाऐवजी पक्का गोंद लावून पाहिलं. वहीत त्यांच्या त्या सुबक अक्षरात सगळं होतं, आणि शेवटी एक सपाट रेघ.

"सर, तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुझी नोकरी कायम व्हायची होती. विभागातले काही लोक तुला बाहेर काढायला टपलेलेच होते, तुला ठाऊक आहे. म्हटलं, एकदा कायम होऊ दे."

"आणि मग?"

"मग तुझे वडील पेढे घेऊन आले होते." सर चष्मा पुसायला लागले. "मग बढती होती. मग तू हेच इतकं छान शिकवायला लागलीस. अगं, सांगायची वेळ दर वर्षी निघून जायची."

"तुम्ही मला वाचवलंत, असं वाटतं तुम्हाला?" मी ओरडले. सरांसमोर मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. काकू पन्ह्याचे पेले घेऊन दारातच थांबल्या. "वीस वर्षं मी पोरांना खोटं शिकवलं, सर! तुमच्या परवानगीनं!"

मला सरांचा संताप आला होता आणि त्यांची कीवही येत होती. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणसानं काय करायचं असतं मला माहीत नाही. मी पन्हं न पिताच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी प्रयोगशाळेत गेले आणि दार लावून घेतलं. माझ्या हातानं मेण मळलं. मोहरीएवढं. सेन्सर चिकटवला, दिवे लावले, तापमापक पूर्वी लावायचे तसाच पत्र्याच्या कडेला लावला. कडेला तापमान बेताचंच दाखवत होतं. त्यावर विसंबून आम्ही त्या काळी समजत होतो, की मेण घट्ट आहे. पण दिव्यांचा झोत मध्यावर होता आणि सेन्सरही मध्यावर. मी नखानं दाबून पाहिलं. मेण लोण्यासारखं मऊ होतं. ठोकलं की थरथर त्या मऊ मेणातच जिरत होती. यंत्राला वाटायचं, पत्राच शांत झाला. प्रयोग संपून सगळं गार झालं की मेण पुन्हा घट्ट, त्यामुळे काढताना कधी संशय आला नाही. एवढंच होतं. सेन्सरशेजारी मी लेझरचा ठिपका पाडला. मेणाची रेघ झरझर खाली आली आणि लेझरची सपाट राहिली, पडद्यावर शेजारी शेजारी. मी कितीतरी वेळ त्या दोन रेघांकडे बघत बसले. माझं सगळं करिअर त्या दोन रेघांमधल्या फटीत होतं.

मग मी तिला बोलावलं. कालचा तिचा कागद माझ्या टेबलावर होता.

"हा कसा केलास?"

ती कागदाकडे बघतच म्हणाली, "तुमच्या प्रबंधातले आकडे घेतले. थोडे इकडंतिकडं केले. एक दुपार लागली."

"अगं, का?"

आणि मग ती मुलगी, जी माझ्यासमोर नेहमी तोलून मापून शहरी बोलायची, एकदम तिच्या घरच्या बोलीत बोलायला लागली. "का म्हंजे? आठ महिनं खरं आणत हुते ना मॅडम. तुमी घेतलं न्हाई. म्या रातीची झोपत न्हवते, मला वाटायचं माझ्याच हाताला काय झालंय. आई म्हनायची सोड ते शिक्षण. आन् एका दुपारचं खोटं आणलं तर तुमी बर्फी दिली."

तिनं पर्समधून कागदात गुंडाळलेली बर्फी काढली आणि टेबलावर ठेवली. उष्म्यानं ती कागदाला चिकटली होती.

मी तिला दोन रेघा दाखवल्या. मेणाचं सांगितलं. तू बरोबर होतीस, आठही महिने बरोबर होतीस, असं म्हणाले. वाटलं होतं, तिला आनंद होईल. ती रडायला लागली, आणि मलाही आवरेना. माफी मागणं मला जमत नाही, हे घरी दारी सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मागितली. नीट जमली नाही, पण मागितली.

डोळे पुसून ती म्हणाली, "आता तुम्ही काय करणार?"

"त्या उतारावरचा लेख मागे घेते. पत्र आजच लिहिते. चूक कोणी शोधली तिथं तुझं नाव घालते."

"आणि हा?" तिनं खोट्या कागदाकडे बोट दाखवलं.

"तो सोड. तो कुणी पाहिलेला नाही." मी तो उचलला आणि माझ्या खणात टाकला. "तुझा प्रबंध एकदा होऊ दे."

खण लावता लावता माझा हात थांबला. एकदा होऊ दे. कालच ऐकलेले शब्द, वारज्याच्या त्या खोलीत, आणि ते ऐकून मी ओरडले होते. एकच रात्र उलटली होती, तर तेच माझ्या तोंडातून, तेवढ्याच मायेनं. मी इतकी घाबरले, की खण तसाच अर्धा उघडा सोडून दिला.

कागद मी बाहेर काढला आणि तिच्यासमोर ठेवला. "हा विद्यापीठाच्या समितीला दाखवावा लागेल," मी म्हटलं. "आधी माझं सांगेन, सगळं. तुला असं करायला मी कसं भाग पाडलं तेही सांगेन. मग हा."

"माझी पीएचडी जाईल?"

"माहीत नाही."

तिनं माझं पेन घेतलं आणि त्या कागदावर वरच्या कोपऱ्यात लिहिलं, "हा आलेख मी खोटा तयार केला आहे." खाली सही, तारीख. लिहून झाल्यावर तिनं पेन माझ्याकडे सरकवलं.

"मॅडम, तुमचा?"

मी कपाट उघडलं. वडिलांची प्रत काढली. काळ्या कव्हरवर मेणबत्तीचा एक थेंब वाळून बसला होता, तो त्यांना कधी पुसता आला नसावा. पहिलं पान उघडून मी लिहिलं, "यातला उतार पत्र्याचा नाही, मेणाचा आहे." सही केली. तारीख घालताना माझा हात थरथरत होता, आणि तो शांत होईपर्यंत ती मुलगी समोर उभी राहिली.