न मागितलेली परवानगी

गाइड बोलत असला की शैलाताई डोळे मिटून ऐकायच्या आणि तो थांबला की शांतपणे पुरावा मागायच्या. मँचेस्टरच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेली बाई, दुसरं काय करणार? माझी-त्यांची ओळख मराठी मंडळाच्या सहलीत झाली, एका लॉर्डाच्या जुन्या हवेलीत. पूर्वी गावातल्या प्रत्येक नवरीची पहिली रात्र म्हणे लॉर्डाची असायची, हे गाइडनं मिटक्या मारत सांगितलं. आमची मंडळी हसली, ब्रॅकनेलचे माझे मामा सगळ्यांत मोठ्यानं. शैलाताईंनी विचारलं, हे कुठल्या कागदात आहे? गाइडनं घड्याळ पाहिलं.

परतताना कोचमध्ये त्या मला म्हणाल्या, "भाकडकथा आहे गं. लॉर्डाला नवरी नको असायची. मुलीच्या लग्नाआधी कुळानं येऊन विचारावं, वर पैसे ठेवावेत, एवढंच हवं असायचं. पण असल्या फुटकळ माजाच्या गोष्टीवर तिकीट खपत नाही."

तो फुटकळ माज आमच्या घरातच होता. मामांनी मला इथं आणलं, घरात ठेवून घेतलं, म्हणून माझं लग्न ही त्यांची जहागीर. मी नागपूरच्या सिद्धार्थशी लग्न ठरवलं, तेव्हा त्यांनी जातीचं नाव काढलं नाही, तेवढे ते सुधारलेले. मला आधी विचारलं का नाही, हेच धरून बसले. तिकडे पुण्यात आई रडत होती. दादाच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती, आणि तिच्याशिवाय मला बोहल्यावर चढायचं नव्हतं.

तुम्ही वडीलधाऱ्या, तुम्हीच मामांना विचारा, अशी मी शैलाताईंना गळ घातली. त्या फणकारल्या. विचारायला येणार नाही म्हणाल्या, आमंत्रण द्यायला येते. आल्याही. आई व्हिडिओ कॉलवर होती.

"विचारलं असतं, तर मी कदाचित हो म्हटलं असतं," मामा म्हणाले.

"ते तर जास्त वाईट झालं असतं," शैलाताई म्हणाल्या. "जन्मभर ही दोघं तुमच्या मेहेरबानीनं नवराबायको राहिली असती."

मामांनी चहाचा कप सरकवला.

मामा लग्नाला आले नाहीत. कौन्सिलच्या हॉलमध्ये नोंदणी लग्न झालं, त्यांच्यावाचून काही अडलं नाही. आई मात्र आली, जन्मात पहिल्यांदा एकटी. हीथ्रोवर माझ्या हातात बॅग देत म्हणाली, "दादाला विचारलं नाही. नुसतं कळवलं."

गेल्या हिवाळ्यात शैलाताई गेल्या. त्यांच्याइतकी माझी बाजू कुणी घेतली नव्हती. त्यांना निरोप द्यायला आई पुण्याहून आली. या खेपेस तिनं मामांना कळवलंही नाही.