मला दिवस गेलेत असं ठरलं तेव्हा

बारावीला आम्ही तिघी लातूरला एका खोलीत राहायचो. मी उमरीची, दुसरी उदगीरची, तिसरी बिलोलीची. तिघींनाही डॉक्टर व्हायचं होतं आणि प्रजननाचा धडा तोंडपाठ होता. पण त्या वर्षी आमचा जीव अडकला होता उदगीरवालीनं आणलेल्या एका कादंबरीत. नायिका सोळा वर्षांची. चाळिसाव्या पानावर तिला उलटी होते आणि पुढची दोनशे पानं ती खिडकीत बसून रडते. आम्हीही रडलो. मग त्याच धर्तीचे दोन सिनेमे मोबाईलवर पाहिले. तिथंही तेच. चक्कर, उलटी, आंबटाचे डोहाळे.

अशात मी क्लासमागच्या झाडाच्या कच्च्या चिंचा मीठ लावून ओंजळभर खाल्ल्या. सकाळी उलटी झाली. दुपारी जिन्यात गरगरलं.

त्या दिवसापासून बिलोलीवाली माझी बादली उचलायला लागली. "तू वाकू नको." उदगीरवाली मेसमधून माझ्यासाठी दूध आणायची. मला वाटलं, सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून लाड करून राहिल्यात. चार दिवस मस्त लोळले.

पाचव्या दिवशी दोघी समोर येऊन बसल्या.

"आम्ही कुणालाच सांगणार न्हाई," उदगीरवाली म्हणाली. "पण कोण हाय ते तरी सांग."

"कोण कोण?"

"बाळाचा बाप!"

मी गादीवर लोळून हसले. ते बघून बिलोलीवाली मुसमुसायला लागली, "धक्का बसलाय गं हिला!" मी उशीखालच्या उरलेल्या चिंचा काढून दाखवल्या, तर म्हणते, "बघ, आंबटच!"

रविवारी दोघींनी मला धरून उदगीरला नेलं. उदगीरवालीची मावशी दवाखान्यात नर्स. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिची पाळी कधी आली?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"परवाच," बिलोलीवाली हळूच म्हणाली. "माझंच पॅड दिलं की हिला."

मावशी पदरात तोंड घालून हसली. "आणि तुम्ही डॉक्टर होणार!"

चहा टाकता टाकता मात्र ती गंभीर झाली. "माझ्याकडं येतात अशा पोरी. पोट दुखतंय म्हणून आई घेऊन येती, अन् पाचवा महिना निघतो. कित्येकींची तर लग्नं लावून दिलेली असतात. त्यांच्यावर कोण सिनेमा काढतंय? एकीनं मला एवढंच विचारलं, सिस्टर, दहावीचा पेपर देता येईल का?"

"मग दिला?" आम्ही तिघी एकदम.

"सगळे दिले. बाळाला घेऊन तिची आई शाळेबाहेर बसायची. गणित राहिलं. पुन्हा बसली."

परतीच्या बसमध्ये आम्ही त्या पोरीचाच सिनेमा रचायला घेतला. आईचं काम कुणी करायचं, गाणी किती ठेवायची, सगळं ठरलं. पण शेवटी तिला गणितात पास करायचं की नाही, यावरून अशी जुंपली की कंडक्टर मागं येऊन म्हणाला, "ताई, कोण नापास झालंय एवढं?"